कोल्हओढ्याची घंटा

हिवराळे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका म्हशीशी भांडत होते. म्हैस ओढ्याच्या काठावर, साहेब गुडघाभर चिखलात, आणि दोघांच्या मध्ये एक उभा लोखंडी पाइप. म्हैस त्या पाइपाला मजेत पाठ घासत होती आणि साहेब तिला अजिजीनं सांगत होते, "बाई, दुसरं झाड बघ की. हे झाड न्हाई. तू इथं खाजवलं की तिकडं गाडी थांबते."

गाडी खरंच थांबली होती. जालना आणि परतूरच्या मधल्या त्या लहानशा स्टेशनावर सहायक स्टेशन मास्तर म्हणून मी आदल्याच दिवशी रुजू झालो होतो. दुष्काळ संपून नुकता कुठे पाऊस पडू लागला होता. आभाळात ढगाचा तुकडा नसताना माझ्या खोलीतली भिंतीवरची घंटा अचानक ठणाणा वाजू लागली. नियम मला सांगून ठेवला होता. घंटा वाजली की कोल्हओढ्याच्या पुलाकडचा सिग्नल लाल, आणि हिवराळे इन्स्पेक्टर पूल बघून सही करेपर्यंत एकही गाडी पुढे नाही. मालगाडी उभी करून मी रुळांवरून धावत ओढ्यापाशी पोचलो, तर हे दृश्य.

"नवे मास्तर का?" चिखलातूनच त्यांनी विचारलं. "गाडी थांबवली ना? बराबर केलं. म्हैस हाय का पूर हाय, ते बघायचं काम माझं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाइपाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. म्हैस पुन्हा फिरकली नाही, पण पुढचा आठवडाभर हिवराळे स्वतःच लंगडत होते.

उंच, खांद्यात जरा पुढं झुकलेला माणूस. खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात पेचकस. पावसाळ्यातही छत्री वापरत नसत, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून. लांबून कुणीतरी हाक मारतंय असं वाटून माणूस कान देतो ना, तसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर कायमचा बसला होता.

ती घंटा त्यांनीच बनवलेली. आधी दर पावसाळ्यात पुलाच्या कडेला खोपटात एक पहारेकरी बसायचा. पाणी वाढलं की त्यानं लाल कंदील दाखवायचा. एका वर्षी ओढ्यानं खोपटासकट त्यालाच नेलं. शोधायला गेलेल्यांत हिवराळे होते. त्याबद्दल ते कधी फार बोलत नसत. एकदाच म्हणाले, "सापडला तवा कंदील हातातच व्हता. ती माणूस बसवायची जागा न्हाई, मास्तर." मग त्यांनी पुलाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठावर पाइप गाडला. त्यात झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा सोडला. पाणी चढलं की डबा वर तरंगायचा, धोक्याच्या खुणेपर्यंत आला की तांब्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आणि खांबांवरच्या तारेतून वीज थेट माझ्या खोलीतल्या घंटेत. वरच्या साहेबांना गंमत वाटली. त्यांनी प्रयोग म्हणून मंजुरी दिली आणि पहारेकऱ्याची जागा कायमची रद्द केली.

पहारेकरी सुटला आणि हिवराळे अडकले. ते यंत्र दुसऱ्या कुणाला समजत नव्हतं. ज्यांना समजलं असतं त्यांना तिथं यायचं नव्हतं. एकदा बदली म्हणून कुणीतरी आला, डास आणि चिखल बघून चौथ्या दिवशी आजारी पडला तो पुन्हा दिसला नाही. म्हणून जूनपासून पार ऑक्टोबरपर्यंत हिवराळ्यांना स्टेशन सोडायची परवानगी नव्हती.

रोज सकाळी ते पाइपापाशी जायचे, तारेनं डबा वर ओढायचे आणि तिथल्या पेटीतल्या फोनवरून विचारायचे, "वाजली का?"

"वाजली."

"बराबर. मंग आता बोला, चहा झाला का?"

या परीक्षेआधी रामराम नाही की नमस्कार नाही. पुढं पुढं 'वाजली' हा शब्द त्यांच्या सगळ्याच बोलण्यात शिरला. आमच्या मालतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदा पुरणपोळी दिली आणि गोड बरोबर झालंय का विचारलं. पहिला घास खाऊन डोळे मिटत साहेब म्हणाले, "वाजली, वहिनी!"

त्यांचं गाव जांब समर्थच्या अंगाला. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली तेव्हा हिवराळे औरंगाबादला शिकत होते. पुढं डिप्लोमा झाला, रेल्वेत लागले. त्या गावातून 'साहेब' झालेला पहिला माणूस. क्वार्टरमध्ये बुद्धाची तसबीर, स्टोव्ह, दोन पातेली आणि रेल्वेचं एक जाडजूड टाइमटेबल. बायको सुमनताई औरंगाबादला सरकारी दवाखान्यात नर्स, मुलगी करुणा तिथंच शाळेत. सुमनताईंनी नोकरी सोडून इथं यावं असं ते कधी म्हणाले नाहीत. "तिनं काऊन सोडायची? अडकलोय तो मी," म्हणायचे.

टाइमटेबलाची गंमत अशी की, पावसाळी दुपारी गाड्या नसल्या की साहेब ते उघडून प्रवासाला निघायचे. कुठली गाडी, कुठं बदलायची, मधल्या वेळात आंघोळ कुठं करायची, सगळं बोटानं ओळी दाखवत. एकदा मी त्यांच्याकडे गेलो तर वर न बघता म्हणाले, "थांबा मास्तर, रामेश्वरला पोचायलोय." बसलेल्या जागी त्यांनी निम्मा देश पाहिला होता. त्यांच्या प्रवासात गाडी कधी लेट होत नसे आणि कुठंही पूर येत नसे.

पण खऱ्या प्रवासाचं तेवढं जमत नव्हतं. एका ऑगस्टात करुणाचा शाळेत बक्षीस समारंभ होता. पहिली आली होती पोरगी. साहेबांनी वरपर्यंत फोन करून एका दिवसाची परवानगी मिळवली. नवा शर्ट घातला. मालतीनं त्यांच्याबरोबर करुणासाठी लाडू दिले. सकाळच्या गाडीत त्यांना बसवताना मला वाटलं, हा माणूस हसतो तेव्हा किती तरुण दिसतो.

दुपारी मालगाडी आली. शेवटच्या डब्यातून गार्डच्या मागोमाग हिवराळे उतरले. नव्या शर्टावर कोळशाचे डाग, हातात लाडवांचा डबा तसाच.

"अहो, काय झालं?"

"जालन्याच्या प्लॅटफॉर्मवर चहा घेत व्हतो. इकडच्या बाजूला इजा चमकल्या. एकदम काळंभोर झाल्तं."

आम्ही दोघं बाकावर बसलो. ढग आले, डोक्यावरून गेले. ऊन पडलं. समारंभाची वेळ झाली, टळली. साहेब ओढ्याच्या दिशेला बघत राहिले.

"थेंब न्हाई पडला, मास्तर," ते शेवटी म्हणाले. डबा उघडून त्यांनी एक लाडू मला दिला, एक स्वतः घेतला आणि न खाताच परत ठेवून दिला. पुढच्या वर्षी सुमनताईंनी त्यांना समारंभ कळवलाच नाही. करुणा त्याही वर्षी पहिली आली होती, हे त्यांना दिवाळीत समजलं.

मी सांगणार आहे ती गोष्ट त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली.

दोन दिवस संततधार होती. सकाळी परतूरकडून पॅसेंजर आली आणि ती स्टेशनात शिरत असतानाच घंटा वाजली. मी सिग्नल लाल ठेवला. हिवराळे पुलाकडे गेले आणि भिजून चिंब होऊन परत आले. "पाणी खुणेच्या वर हाय. पुलावर गाडी न्हाई."

गाडी मागंही जाऊ शकत नव्हती. परतूरच्या बाजूच्या मोरीवरून पाणी वाहू लागलं होतं आणि तिथला भराव खचला होता. डांबरी रस्त्यावरच्या फरशीपुलाचंही तेच. बाकी सगळीकडे काळी माती. बैलगाडी घातली तर चाकं आत जाऊन बसावीत अशी. चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये आमचं स्टेशन, गाडीभर माणसांसकट.

त्या गाडीत कौसा होती. परतूरजवळच्या खेड्यातली, वीस-बावीस वर्षांची, पहिलटकरीण. दिवस भरले होते आणि मूल आडवं होतं. सुइणीनं हात टेकल्यावर नवरा रंगनाथ तिला जालन्याच्या दवाखान्यात घेऊन निघाला होता. मालतीनं तिला आमच्या क्वार्टरमध्ये आणून निजवलं. गाडीतल्याच एक म्हाताऱ्या बाई बाळंतपणं केलेल्या निघाल्या. त्या आत बसल्या.

दुपार झाली तसे लोक चिडू लागले. काही जण पूल बघून आले. "पूल तर उभा हाय की! कठड्यापर्यंत बी पाणी न्हाई. कशाला अडवून राह्यले?" ड्रायव्हर जुना, हैदराबादकडचा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्टर साब, धीरे धीरे निकाल लेता हूँ." मी कंट्रोलला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "जागेवर तुम्ही आहात. इन्स्पेक्टर काय म्हणतात ते करा."

म्हणजे पुन्हा हिवराळेच.

गर्दीत कुणीतरी विचारलं, "कोण हाय हा साहेब?" आडनाव कळल्यावर दुसरा हळूच हसून म्हणाला, "मंग बराबर." साहेबांनी ते ऐकलं. मी त्यांच्याजवळच उभा होतो. त्यांची मान वळली नाही, फक्त खिशातल्या पेचकसावरची मूठ आवळली गेली.

मग रंगनाथ आला. त्यानं सरळ त्यांचे पाय धरले. "साहेब, तिला न्हाई सोसवत. येक इंजिन तरी जाऊ द्या. आमचं आम्ही बघून घेऊ. मेलो तर मेलो."

हिवराळ्यांनी त्याला उठवलं. ते पुन्हा पुलाकडे गेले. मीही गेलो बरोबर. पूल उभा होता, खरं आहे. तांबडं पाणी खांबांना धडका देत होतं. साहेबांनी रुळावर तळहात टेकवला आणि कितीतरी वेळ तसेच उकिडवे बसून राहिले.

"हादरायलंय," ते म्हणाले. "दर पुरातच हादरतं. किती हादरलं म्हंजे जास्त, हे मला कळत न्हाई, मास्तर. खाली पाया किती राह्यलाय, ते दिसत न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही सांगा. सोडू?"

मी खाली मान घालून स्टेशनाकडे चालू लागलो.

परत येताना त्यांनी वाटेतच ठरवलं असावं. ड्रायव्हर इंजिनात वाफ धरून तयार होता. साहेब इंजिनासमोर रुळांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. ओरडले नाहीत, हातही वर केला नाही. पावसात नुसते उभे. एका माणसानं खडी उचलून मारली, ती त्यांच्या खांद्याला लागली. तरी ते हलले नाहीत. शेवटी ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानं स्वतःच लोकांना मागं लोटलं.

दिवस मावळायच्या आधी मूल झालं. रडलं नाही. कौसा मात्र वाचली. म्हाताऱ्या बाईंनी बाहेर येऊन फक्त मान हलवली. रंगनाथ आमच्या ओट्यावर बसला होता. त्यानं वर बघितलं तेव्हा समोर हिवराळेच होते. तो म्हणाला, "झालं का तुमच्या मनासारखं?"

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. पूल जसाच्या तसा होता. खाली उतरून बघितल्यावर एका खांबाच्या पायथ्याचे काही दगड गेलेले दिसले. बघायला आलेले अभियंते म्हणाले, एवढं तर दर पावसाळ्यात जातं. गाडी गेली असती तर काय झालं असतं? "काहीच झालं नसतं कदाचित. किंवा झालंही असतं. सांगता यायचं नाही."

तक्रारी फार वरपर्यंत गेल्या. चौकशीला एक अधिकारी आले. माणूस वाईट नव्हता. माझ्याच खोलीत, मला बसवून घेऊन, त्यांनी हिवराळ्यांना समजावलं. "हे बघा, तुमचं यंत्र प्रयोगाचं आहे. ओढ्यातला कचरा अडकला, डबा वर राहिला, घंटा चुकून वाजली, असं लिहून द्या. तुमच्यावर काही येणार नाही, मी बघतो. यंत्र काढून टाकू. मग तुम्हाला इथं ठेवायचं कारण काय? औरंगाबादला जागा आहे. बायकोपोरींत जा. पुढच्या आठवड्यात मी परत येतोय, तोवर विचार करा."

त्या आठवड्यात हिवराळ्यांचं जेवण तुटलं. रोज सकाळी "वाजली का?" विचारायचे, पण पुढं चहाचं विचारायला विसरायचे. एकदा मालतीला म्हणाले, "वहिनी, येक वळ लिहायची. खोटी बी न्हाई म्हणता येत. कचरा तर व्हताच ओढ्यात."

"मग लिहा की भावजी," मालती कळवळून म्हणाली. "करुणा मोठी होतेय."

"डबा अडकला नव्हता ना पण," ते म्हणाले.

अधिकारी यायच्या आदल्या दिवशी रंगनाथ आला. एकटाच, चालत. आम्हाला वाटलं, भांडायला आलाय. साहेब त्यांच्या ओट्यावर स्टोव्ह साफ करत होते. मी घाईघाईनं तिकडं गेलो. रंगनाथ उभाच राहिला.

"साहेब, येकच इचारायलो. घंटी खरी व्हती का खोटी?"

हिवराळ्यांनी हात पुसले. "खरी व्हती."

"मंग पूल का न्हाई पडला?"

"ते मला ठाऊक न्हाई."

"गाडी गेली असती तर?"

"ते बी ठाऊक न्हाई. पाणी खुणेच्या वर व्हतं, एवढंच मला ठाऊक हाय. दुसरं काई मी तुला सांगितलं तर ते खोटं व्हईल."

रंगनाथ खाली बसला. मग म्हणाला, "खोटी व्हती म्हणले असते तर बरं झालं असतं. तुम्हाला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. आता कुणाला देऊ?"

"मलाच दे," हिवराळे म्हणाले.

त्यानं दिल्या नाहीत. पाणी मागितलं. साहेब क्षणभर घुटमळले. गावाकडचे किती जण त्यांच्या घरचं पाणी घेत नसत, ते मला माहीत होतं. त्यांनी तांब्या आणून दिला. रंगनाथनं तो तोंडाला लावून पुरता रिकामा केला, ओट्यावर ठेवला आणि आला तसा निघून गेला. "कौसा कशी हाय?" हे साहेबांनी तो फाटकापर्यंत गेल्यावर विचारलं, त्याला ऐकू गेलं नसावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जबाब दिला. 'घंटा बरोबर वाजली, यंत्रात दोष नव्हता, गाडी मी थांबवली.' अधिकाऱ्यांनी वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "हिवराळे, यंत्र चांगलं असेल तर ते राहणार. आणि ते राहिलं तर तुम्हीही."

"व्हय, साहेब."

"कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय की."

संध्याकाळी ते पाइपाभोवतीचा गाळ काढायला गेले. मी क्वार्टरच्या खिडकीतून पाहत होतो. काट्यांच्या कुंपणाच्या आत, कमरेपर्यंत खड्ड्यात उतरून ते गाळाच्या पाट्या वर टाकत होते आणि त्यांना बघून मला कितीतरी वेळ खिडकी लावून घेता आली नाही.

पुढं माझी मनमाडला बदली झाली. निरोपाला साहेबांनी मालतीला आमचाच जुना रेडिओ दुरुस्त करून दिला; तो आधी इतका नीट कधीच वाजला नव्हता. त्यानंतर सणासुदीला ख्यालीखुशाली कळायची. कोल्हओढ्याची घंटा नावाजली गेली, आणखी दोन ओढ्यांवर तशीच बसवली आणि त्यांचीही देखरेख हिवराळ्यांकडेच आली, असं ऐकलं. मालती म्हणायची, "सोडत नाहीत हो त्या माणसाला. जन्मठेपच आहे."

दोनेक वर्षांनी परभणीहून परत येताना माझी गाडी त्या स्टेशनावर थांबली. जुलैची सकाळ होती. खिडकीतून बघतो तर साहेब समोरच, हातात कुणाची तरी पत्र्याची पेटी. केस पुष्कळ पिकले होते. शेजारी एक उंच मुलगी.

"मास्तर!" ते जवळजवळ ओरडलेच. "ही आमची करुणा. कॉलेज उघडलंय. औरंगाबादपर्यंत जरा लक्ष ठेवाल का?"

मी पेटी आत घेतली, करुणा गाडीत चढली. मालतीची चौकशी झाली, त्यांच्या गुडघ्यांची झाली. मग मी हसत विचारलं, "काय साहेब, सुटका कधी?"

"आता बघू," ते म्हणाले आणि त्यांनी करुणाच्या ओढणीचं खिडकीत अडकलेलं टोक सोडवलं. "एवढा पावसाळा व्हऊ द्या."

गाडी हलली. करुणा माझ्यासमोर बसली, खिडकीकडे पाठ करून. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, "फार अडकवून ठेवलंय तुझ्या बाबांना. बदलीची एक ऑर्डर काढायला काय होतं वरच्या साहेबांना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे अगदी बापासारखे.

"ऑर्डर आलीय काका. मागच्या वर्षी आली, या वर्षी पुन्हा आली. नवीन माणूसही शिकून तयार आहे." मग म्हणाली, "बाबाच जात नाहीत. मी न्यायलाच आले होते. आठ दिवस बसले मी. आईला अजून माहीत नाही. तिला वाटतं, सोडत नाहीत. तुम्ही काकूंनाही सांगू नका."

गाडीनं अजून वेग धरला नव्हता.

"दिसतायत का ते अजून?" करुणानं मागं न वळता विचारलं.

मी बाहेर डोकावलो. प्लॅटफॉर्मच्या टोकाला हिवराळे उभे होते. गाडीकडे पाठ होती त्यांची. दोन्ही हात कमरेवर ठेवून, मान वर करून, ते आग्नेयेला चढत चाललेल्या ढगांकडे बघत होते.

"दिसतायत ना," मी म्हणालो. "हात हलवतायत."